पाणी, आधी उतरलेल्यांचं

नाना, एका घरात, एका चुलीवरचं खाऊन आपण इतकी वर्षं राहिलो आणि एकमेकांशी बोललो नाही. भांडलो मात्र भरपूर.

तुम्ही माझे थोरले दीर, आपल्याकडच्या बोलीत जेठ. मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. सुनेनं जेठासमोर खाटेवर बसायचं नाही, तोंडावरचा पदर वर करायचा नाही आणि त्याच्याशी बोलायचं तर नाहीच नाही. असोद्याहून सासरी निघाले तेव्हा आईनं डोळे पुसत एवढंच बजावलं होतं, "बाकी काही चुकलं तं चालीन, पण जेठाले उलटून बोलू नको." मी तिचा शब्द पाळला. तुम्हाला कधी उलटून बोलले नाही. सासूबाईंना बोलले, त्या घरात नसल्या तर उंबऱ्याला बोलले, गोठ्यात असले तर गाईला बोलले. ऐकणारे तुम्ही असायचात, एवढंच.

काल तुमची गंधमुक्ती झाली, घराचं सुतक फिटलं. पाहुणे आज सकाळी आपापल्या गावी गेले. ओट्यावरची तुमची खाट कोणीतरी भिंतीला उभी करून ठेवली आहे आणि ती तशी पाहवत नाही म्हणून मी आत येऊन बसले. सातवी फायनल झालेली सून घरात आणली म्हणून तुम्हीच एकेकाळी गावभर मिरवला होतात, तर आज तिचं लिहिणं ऐका. आता मध्ये कोणी नाही. डोक्यावर पदर आहे, काळजी करू नका.

गावात मोटारबोट आली तेव्हा मला सासरी येऊन दुसरं वर्ष लागलं होतं. आपलं गाव तापीच्या उत्तर काठावर आणि धुळ्याची एस.टी. दक्षिण काठावर. उन्हाळ्यात माणसं आणि गाड्या वाळूतून जायच्या, पण आषाढापासून पुढे होळीपर्यंत मध्ये पाणी, आणि पाण्यावर भोयांच्या दोन नावा. शिंदखेड्याच्या शेठजींना आपल्या काठचा कापूस आणि भुईमूग वेळेवर पलीकडे हवा होता. मूळचे मारवाडी, पण चार पिढ्या इथंच गेलेल्या. अहिराणीत भाव करायचे आणि मारवाडीत बेरीज. त्यांनी मुंबईहून एक जुनी मोटारबोट ट्रकवर घालून आणली. मागच्या बाजूला इंजिन, दोरी ओढून सुरू करायचं, आणि वळवायला एक दांडा. गावानं तिचं बारसं केलं, फटफटी. ती चालवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. अर्ध्या गावाच्या विहिरीवरची इंजिनं तुमच्या हातची. शेठजी म्हणाले, "नाना, शेती भाऊ बघेल, तुम्ही हिला बघा."

पहिल्या दिवशी सगळं गाव घाटावर होतं. तुम्ही दोरी ओढली, ती गरजली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. डोहात तुम्ही एक मोठा वळसा घेतलात, पूर्ण जोरात. तुमचं धोतर वाऱ्यानं फुगलेलं, आणि तुम्ही हसत होतात, जत्रेत पाळण्यात बसलेला माणूस हसतो तसं. तुम्ही पुढे निघून गेलात. आणि मग, तुम्ही गेल्यावर, घाटावर तुमची लाट आली. आम्ही बायका गुडघाभर पाण्यात धुणं धूत होतो. लाटेनं माझं लुगडं नेलं, शेजारणीची बादली नेली आणि कुंभारवाड्यातली म्हातारी पाण्यात बसली ती उठेचना. चौघींनी धरून तिला बाहेर काढली. फार काही झालं नाही, नाकातोंडात पाणी गेलं इतकंच. पण तुम्ही परत आलात तेव्हा ती घाटावर बसून खोकत होती, आणि मी पदराआडून तुमचं तोंड पाहिलं. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

त्या दिवसानंतर तुम्ही नदीत जोर दाखवला नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून भोयांच्या वस्तीवर गेलात, जाळी कुठं कुठं लावता ते विचारून आलात. गुराख्यांना विचारलंत, म्हशी कोणत्या वेळी उतरतात. आणि एक सवय तुम्हाला लागली ती कायमची. बोट चालवताना तुम्ही पुढे बघायचात त्याहून जास्त मागे बघायचात. लोक हसायचे, नाना काय विसरलेत काठावर? मी पहिल्या दिवशी घाटावर होते, म्हणून मला कळत होतं. चालवणारा पुढे निघून जातो आणि त्याची लाट मागं राहिलेल्यांच्या अंगावर जाते. मागे वळून बघितलं नाही तर ती त्याला कधी दिसतच नाही.

हळूहळू मला तुमची चाल पाठ झाली. माहेरी जाताना, बाजाराला जाताना मी पदर ओढून बोटीत एका कोपऱ्यात बसायची आणि बघायची. काठापासून बांबूनं ढकलत न्यायचं. धुणं धुणाऱ्या बायका, आंघोळ करणारी माणसं मागं पडेपर्यंत इंजिनाच्या दोरीला हात लावायचा नाही. जाळ्याची खूण म्हणून भोई पाण्यावर सुके भोपळे सोडून ठेवतात, ते दिसले की वळसा, आणि भोई जाळ्यावर असला तर त्यानं हात वर करेपर्यंत थांबायचं. म्हशी नदी पार करत असल्या तर शेवटची म्हैस काठाला लागेपर्यंत डोहात उभं राहायचं, भोंगा वाजवायचा नाही, कारण बुजलेली म्हैस शेपटीला धरलेल्या गुराख्याला घेऊन कुठेही जाते. आणि छातीखाली भोपळा बांधून पोहत नदी पार करणारे लोक तेव्हा रोजच असायचे. त्यांच्या वरच्या अंगानं, म्हणजे पाणी येतं त्या बाजूनं, तुम्ही कधी गेला नाहीत. मध्येच इंजिन बंद पडलं तर धार नाव त्यांच्यावर नेऊन घालेल, म्हणून नेहमी खालच्या अंगानं, आणि तेही लांबून.

या सगळ्यात वेळ जायचा. आणि पलीकडच्या काठावर एस.टी. उभी असायची, जी कोणासाठी थांबत नाही.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. एकदा तुमच्या या थांबण्यापायी माझी गाडी चुकली. भावाचा साखरपुडा होता जळगावला. मी घरी परत आले, पिशवी आपटली आणि सासूबाईंना, म्हणजे गावाच्या अक्कांना, म्हटलं, "अक्का, त्याहिले सांगा, दर म्हशीले असा मान दिला तं माणसाची गाडी निंघून जाईन."

तुम्ही ओट्यावर पाय धूत होतात. "माय, तिले सांग, एष्टी सकाय भी येस."

"अक्का, सांगा म्हना, साखरपुडा उद्या नसते."

"तिले सांग, जो आधी पानीमा उतरना, पानी त्यानं शे. आपण मांगून उनूत."

अक्का मधे बसून जात्यावर दादर ज्वारी दळत होत्या. त्यांनी जातं थांबवलं. "मी काय तुमनी पोस्टमन शे का? दोन्हीजन आठेच शेतस, दोन्हीसले कान शेतस!"

तरी मी सरळ बोलले नाही आणि तुम्हीही नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. ज्यानं पेट्रोल घालून, दोरी ओढून नदी ताब्यात घेतली, तो म्हणत होता, आम्ही मागून आलो. सगळं गाव तेव्हा उलट समजत होतं. मोटर आली म्हणजे बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, रस्त्यावर तसं पाण्यात. शेठजीसुद्धा एकदा चिडून म्हणाले, "नाना, मी बोट घेतली की बैलगाडी?" तुम्ही म्हणालात, "शेठजी, बैलगाडीना खाले भी मानूस येस." शेठजींनी कपाळाला हात लावला, पण चालवायला दुसरा माणूस शोधला नाही. पुढे पुढे तर पलीकडचे व्यापारी त्यांना सांगायचे की तुमच्या बोटीतला माल कोरडा येतो.

आणि ते तापीमाईला हात जोडणं. आपल्या लोकांची नदी पार करायची रीतच तशी. नाव मधल्या धारेत आली की सगळ्यांनी उठायचं, पाण्यात पैसा टाकायचा, हळदकुंकू वाहायचं, माहेरवाशीण असली तर खणही. भोयांच्या रुंद, जड नावेत ते निभावत होतं. फटफटी अरुंद. एकदा एक वऱ्हाड घेऊन तुम्ही निघालात, मीही त्यात होते. धार आली आणि नवरीची आई उठली, तिच्यामागे आत्या, मावश्या, करवल्या, सगळ्या एका काठाला. का, तर सूर्य त्या बाजूला होता. बोट इतकी कलली की पाणी माझ्या मांडीवर आलं. तुम्ही इंजिन बंद केलंत आणि ओरडलात. तुम्हाला ओरडताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. "बठा! बठा बठ्ठा! तापीमाय बठेल मानूसनं भी आयकस!"

सगळ्या धपकन बसल्या. मग तुम्ही शांतपणे एकेकीला, आधी डाव्या काठची, मग उजव्या काठची, अशी पाळी दिलीत. बोट धारेबरोबर वाहत होती आणि बायका बसल्या बसल्या पैसा टाकत होत्या. एकीला घाई केली नाहीत. नवरीला तुम्ही म्हणालात, "तुले जे मांगनं शे, ते मांग. मी थांबस." ती काय मागत होती कोणास ठाऊक, फार वेळ डोळे मिटून होती. दुसऱ्या कोणी ती रीतच बंद केली असती. तुम्ही तिच्यासाठी जागा केलीत. इतक्या कडक माणसात इतकी सबुरी कुठून आली, याचं मला तेव्हाही नवल वाटलं, आजही वाटतं.

आता त्या दिवसाचं बोलते, नाना. आपण आयुष्यभर ज्याच्या अवतीभवती भांडलो तो दिवस.

श्रावणातला सोमवार. आदल्या रविवारी घरोघरी कानबाई, आपली नारळाच्या रूपातली देवी, बसलेली, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी अख्खा खानदेश तिला घेऊन नदीवर विसर्जनाला निघतो. माझे दिवस भरले होते. उजाडताच कळा सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात सुईणीनं पोटावर हात फिरवून तोंड पाडलं. बाळ आडवं होतं. ती अक्कांना बाजूला घेऊन म्हणाली, ते मला ऐकू आलं, "हाई मना हातनं काम नही. धुयाले लई जा."

धुळ्याला म्हणजे नदीपार. नदी श्रावणातली, गढूळ, भरलेली. बोटीत गोण्या अंथरल्या, त्यावर मला निजवली. अक्का उशाशी, यजमान पुढे बांबू घेऊन, तुम्ही मागे इंजिनापाशी. निजल्या जागेवरून मला आभाळ दिसत होतं आणि तुमची हनुवटी.

घाटावर बायकांची ही गर्दी. ढोल, गाणी, डोक्यावर कानबाई घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभ्या, एकमेकींचे हात धरून, कारण धार ओढत होती. आपल्या घरची कानबाई तुमच्या बायकोच्या डोक्यावर होती. तुम्ही इंजिन लावलं नाहीत. बांबूनं ढकलत, त्यांना वळसा घालून बाहेर निघालात. मी दात आवळून पडले होते आणि प्रत्येक ढकल मोजल्यासारखी वाटत होती. मग धार आली, तुम्ही दोरी ओढलीत, इंजिन गरजलं. नाना, इतकी वर्षं ज्या आवाजानं माझं डोकं उठायचं, तो आवाज त्या वेळी मला मंगलाष्टकांसारखा गोड लागला. मला वाटलं, आता पोचलो.

आणि तो थांबला.

पलीकडच्या घाटावर पलीकडच्या गावाची कानबाई उतरली होती. तशीच गर्दी, तशाच बायका कमरेइतक्या पाण्यात. घाटाच्या वर आणि खाली उभी दरड, दुसरीकडे कुठं लावायची सोय नाही. त्या धारेत हळू इंजिनानं बोट वर चढतच नव्हती. चालवायचं तर पूर्ण जोरात, नाहीतर नाही. पूर्ण जोरात गेलो असतो तर काठाला लागलो असतो, पण लाट आणि इंजिनाचा पाण्याखालचा पंखा दोन्ही त्या बायकांत गेले असते. बोट धारेला लागून घाटाच्या खाली वाहायला लागली. यजमानांचा बांबू तळाला लागेना. वर काठावर एस.टी. उभी होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता.

माझ्या तोंडावरचा पदर केव्हाच गेला होता. मी मान उचलली आणि ओरडले, "नाना, चालवा!"

अक्कांचा हात माझ्या कपाळावर होता, तो तिथंच थिजला. सून जेठाशी बोलली. नाव घेऊन, उघड्या तोंडानं. तुम्ही खाली बघितलंत. तुमचा हात दोरीवर होता. तुमची बोटं तिच्याभोवती आवळलेली मी पाहिली. मग ती सुटली आणि तुम्ही वल्हं उचललंत.

'माय, तिले सांग' इतकंही म्हणाला नाहीत.

पुढचं मला तुकड्या तुकड्यांनी आठवतं. तुम्ही दरडीच्या कडेकडेनं, धार कमी तिथून, वल्हं मारत बोट वर आणत होतात, श्वास भात्यासारखा वाजत होता. यजमानांनी दोरखंड फेकला. घाटावरच्या बायकांनी आम्हाला पाहिलं, गाणं थांबलं, त्यांनी कानबाया काठावर उतरवून ठेवल्या आणि पाण्यात साखळी करून दोरखंड ओढला. मी एस.टी. गेल्याचा आवाज ऐकला. मला वाटलं, संपलं. त्या ओल्या बायकांनी मला उचलून निंबाखाली नेलं. त्यांच्यात एक म्हातारी होती, गळ्यापर्यंत भिजलेली, हातात कानबाईची हिरवी बांगडी. तिनं पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "घाबरू नको वं माय, आते फिरस." बाकीच्या माझ्याभोवती गोल उभ्या राहिल्या, आपले ओले पदर एकमेकींच्या हातात धरून, आडोसा म्हणून. पदरांतून पाणी ठिबकत होतं. आत ती म्हातारी आणि मी. तिच्या हातांखाली, पोटातल्या पोटात बाळ फिरलं. दुपार व्हायच्या आत सुमन झाली.

तुम्ही बोटीतच बसून होतात, पाठ करून. हे मला यजमानांनी नंतर सांगितलं. बाळ रडलं तेव्हाही तुम्ही वळला नाहीत. अक्का पाण्याच्या काठाशी येऊन म्हणाल्या, "नाना, दोन्ही वाचन्यात," तेव्हा तुम्ही बोटीतून पाण्यात उतरलात आणि छातीइतक्या पाण्यात उभं राहून तोंड धुतलंत. खूप वेळ धूत राहिलात.

गावानं त्याची गोष्ट केली. नानांनी दुसऱ्यांच्या लेकीबाळी सांभाळल्या म्हणून कानबाई पावली. शेठजी तर दुकानात गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगायचे, कापड मापता मापता. मला ती ऐकली की तिडीक उठायची. सुमन मांडीवर घेऊन मी अक्कांना मोठ्यानं म्हणाले, तुम्ही ओट्यावर आहात हे बघूनच, "कसली कानबाई पावली? नशीब होतं. ती म्हातारी त्या घाटावर नसती तं मी आणि पोर दोन्ही गेलो असतो. गाडी तर निंघून गेलीच होती ना?"

मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी म्हणाल. देवाचं नाव घ्याल, पुण्याचं काही बोलाल. तुम्ही म्हणालात, "माय, ती खरं बोली ऱ्हायनी. मले काय माहीत, ती म्हातारी तठे शे?"

नाना, तिथं भांडायला काही उरलंच नाही, आणि भांडण मिटलंही नाही. पदरात पडलेलं श्रेय माणूस सोडत नाही. तुम्ही ते झटकून टाकलंत. शेठजींनी ती गोष्ट सुरू केली की तुम्ही उठून बाहेर जायचात. मला तेव्हा उमगलं की तुम्ही वल्हं उचललंत ते सगळं ठीक होईल या भरवशावर नाही. तुमच्या डोळ्यांसमोर मी मेलेली होते आणि तरी तुम्ही दोरी सोडली. त्या विचारानं मला कितीदा थरकाप झाला, आणि तुमच्याबद्दल जे वाटलं त्याला राग म्हणावं की आणखी काही, हे ठरवता आलं नाही. देवळात जाऊन मूर्तीपुढं उभं राहिल्यावर सुद्धा मला तसं कधी झालं नाही.

अक्का गेल्यावर आपल्या भांडणांची पोस्टमन सुमन झाली. ती तुमचीच जास्त, बाबा म्हणायची ती तुम्हाला. तुम्ही तिला भोपळा बांधून पोहायला शिकवलंत, मी काठावर उभी राहून उंबऱ्याऐवजी नदीला बोल लावत होते. निरोप पोचवताना ती अर्धे गाळायची. "आई म्हणते, बाबा, जेवायला चला," एवढंच सांगायची, मी त्याआधी काय काय म्हटलं ते पोटात ठेवायची. एकदा तुम्ही तिला म्हणालात, "तुनी माय इतलंच नही बोलनी." आणि हसलात. भिंतीपलीकडे मीही हसले. आपण एकत्र हसलो असं म्हणता येईल का ते? मी तरी म्हणते.

शेवटच्या आजारात तुम्ही ओट्यावरच पडून असायचात, छातीत कफ, बोलणं तुटक. त्या दुपारी घरात कोणी नव्हतं. यजमान शेतात, थोरल्या जाऊबाई देवळात, सुमन जळगावला कॉलेजात. मी ज्वारीच्या कण्यांची पेज घेऊन आले. नेहमीप्रमाणे चौकटीआड उभी राहिले आणि चौकटीला म्हणणार होते, पेज आणली आहे. तोंडून निघालं ते वेगळंच.

"नाना, त्या दिवशी मी मेले असते तर?"

तुमचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, ऐकू गेलं नाही, बरं झालं. मग तुम्ही बोललात, माझ्याशी, सरळ.

"तू मरती, ते मी भी नही वाचता." थांबलात. खोकलात. "पन इंजिन चालू नही करता."

मी चौकट धरून उभी होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडे बघितलंत.

"तू काय करती?"

मी पेजेची वाटी तुमच्या उशाशी ठेवली, आत गेले आणि चुलीपुढं बसले. त्यानंतर घर कधी रिकामं झालंच नाही, आणि मग तुम्ही गेलात. तुम्ही इतक्या वर्षांत मला विचारलेला तो एकच प्रश्न, आणि मी तो अनुत्तरित ठेवला. खरं सांगायचं तर उत्तर मला त्या क्षणीही ठाऊक होतं.

मी दोरी ओढली असती, नाना.

घाटावर कोण उभ्या आहेत, किती आहेत, कोणाची आई, कोणाची लेक, मी बघितलंसुद्धा नसतं. पोटात पोर होतं. मी ओढली असती, आणि आज पुन्हा ती वेळ आली, सुमन त्या गोण्यांवर पडलेली असली, तर आजही ओढीन. तुमच्याजवळ राहून मी एवढं सगळं पाहिलं, पाठ केलं, तरी ते मला जमणार नाही. मला त्याची लाजही वाटत नाही, आई आहे मी. म्हणून तर तुम्ही कोण होतात ते मला कळतं, शेठजींच्या गोष्टीला कळत नाही.

तुमच्या पाया पडायची सुद्धा मला रीत नव्हती, लांबूनच जमिनीला हात लावायचा असायचा. आज उभ्या केलेल्या त्या खाटेपाशी जाऊन डोकं टेकवते. त्या दिवशी नाव माझ्या हातात नव्हती, तुमच्या होती. बरं झालं, नाना. फार बरं झालं.